लालच्या खालचा अंगठा

कपाटाचा खण लोटायच्या आधी त्याने आतली चित्रं उचलून पलंगावर ठेवली. रक्त उडालं तर कागदाचं काय, ही काळजी. मग बायकोचा उजवा अंगठा खणाच्या तोंडाशी धरला आणि गुडघ्याने खण आत रेटला.

"कोणी हात लावला?"

"मी नाही."

त्याने अजून रेटला. तो दातांचा डॉक्टर होता. लोकांना तोंड उघडायला लावणं हे त्याचं रोजचंच काम, आणि घाईत तो कधीच नसे.

भांडण एका डागाचं होतं. जुनी जपानी चित्रं जमवायचा त्याला नाद. लाकडी ठशांनी छापलेली, दोनशे वर्षांपूर्वीची, नवरा-बायकोने दार लावून बघावीत अशी. एकेचाळीस होती. हातमोजे घातल्याशिवाय तो त्यांना शिवायचा नाही, तळहातावरच्या फोडासारखी जपायचा. बायकोचं नशीब फुटकं, ती कागदाची नव्हती. त्या रविवारी सकाळी त्याने सगळ्यात लाडकं चित्र पहिल्यांदाच जुन्या पुठ्ठ्याच्या चौकटीतून सोडवलं, तर झाकलेल्या कडेला, चित्रातल्या बाईच्या लाल वस्त्राच्या टोकाशी, काळा अंगठा उमटलेला. घरात माणसं दोन. झालं, निकाल लागला. चौकटीत बंद असलेल्या चित्राला मी हात लावणार कशी, एवढं विचारायलाही तिच्यात श्वास उरला नव्हता.

अकरा वेळा ती नाही म्हणाली. बाराव्या वेळी हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला आणि म्हणाली, "मीच लावला." खण लगेच उघडला. इतकं सोपं होतं ते.

हाडांच्या डॉक्टरला त्याने गाडीच्या दारात अंगठा सापडल्याची गोष्ट सांगितली. ती मान हलवत राहिली. नणंदेचा फोन आला, "वहिनी, जरा लक्ष देत जा हो, दादाला किती त्रास." घ्या.

तीन दिवसांनी तो तिला घेऊन जुने कागद दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे गेला. डाग काजळाचा की बुटाच्या पॉलिशचा, हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, म्हणजे त्यावर औषध ठरवता येईल. डाग निघाला नाही तर डावा अंगठा आहेच, हे जिना चढतानाच सांगून झालं होतं. काय सांगायचं ते तिला ठाऊक नव्हतं. डावा हात मांडीखाली दाबून ती खुर्चीवर बसली.

बाई साठीच्या, बोलायला रोखठोक. डोळ्याला भिंग लावून त्या बराच वेळ चित्रावर वाकून राहिल्या.

"डॉक्टर, हा काढायचा नाही," त्या म्हणाल्या. "काळ्या रेघा आधी छापतात, रंग मागून चढतात. हा अंगठा लालच्या खाली आहे. छापणाऱ्याचाच तो, दोनशे वर्षांपूर्वीचा. आणि केवढा आहे बघा, चांगला बाप्या माणसाचा. अशी खूण हजारात एखाद्यावर सापडते. नशीबवान आहात."

नवऱ्याने भिंग ओढून घेतलं. पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि हसला. बायकोला वाटलं, आता हा आपल्याकडे वळेल. चुकलो, एवढं जरी म्हणाला असता तरी तिने सगळं पोटात घातलं असतं. इतकी ती दमली होती.

तो वळला. "मग कबूल कशाला केलंस?" तो म्हणाला. "वेडीच आहेस. फुकट प्लास्टर घेऊन बसलीस."

बाई पावतीवर शिक्का मारत होत्या, त्यांचा हात थांबला. त्यांनी प्लास्टरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. नवरा मात्र पुन्हा भिंगात डोकं घालायला निघाला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आणि वर संन्याशालाच विचारलं, तू फासावर गेलासच का.

बायकोने डावा हात मांडीखालून काढला. शिक्क्याचा पॅड टेबलावर उघडा होता. तिने अंगठा त्यावर दाबला, पुरता काळा होईपर्यंत. मग चित्राच्या मधोमध, त्यातल्या बाई आणि पुरुषाच्या तोंडांवर टेकवला आणि सावकाश उचलला.

नवऱ्याच्या घशातून काहीतरी भलताच आवाज आला. त्याने हात उगारला. बाई मध्ये आल्या, त्यांच्या हातात कागद कापायची सुरी होती.

"डॉक्टर, खाली बसा," त्या म्हणाल्या.

तो बसला. बायको उभी राहिली.

"तेव्हा हाड मोडलंत म्हणून कबूल केलं," ती म्हणाली. "आता न विचारता सांगते. हा माझा."