केंडाचं कालवण

आई माहेरी गेल्यामुळे मृदुलाने आज पहिल्यांदाच एकटीने स्वयंपाक केला होता: स्वतःसाठी केंडाचं कालवण आणि बाबांसाठी डाळ.

"मीठ बरोबर पडलंय का सांगा. नुसतं 'बरं झालंय' म्हणून सुटायचं नाही!"

रोहिदासने डाळभाताचा घास उचलला आणि त्याचा हात तसाच थांबला. डाळीच्या पातेल्यात कालवणाची तांबडी पळी होती.

समुद्रात आता केंडाखेरीज मासा मिळत नव्हता, आणि केंडाचं विष शिजवूनही जात नाही. ज्या जनुकामुळे केंडाला स्वतःचं विष बाधत नाही, ते बंदरावरच्या मुलांना गर्भातच दिलं जाई. आईबापांना मात्र ते देता येत नव्हतं.

"बाय, पळी एकच घेतलीस?"

मृदुलाचा चेहरा उतरला. तिने डाळ ओतून टाकली, हात घासघासून धुतले आणि त्याला कोरडा भात वाढला.

"अगं, मी खाल्लं कुठे? ये, बस जेवायला."

"तुम्ही जेवा," म्हणत ती आपलं कालवणाचं ताट घेऊन त्याच्यापासून लांब, मागच्या पडवीत गेली. रोज ती त्याच्या मांडीला मांडी लावून जेवायची.

ती बरोबरच वागत होती, म्हणून रोहिदासला तिला हाक मारता येईना.