उष्टी हवा

"अहो बाई, म्हणजे हवा संपली की दुसऱ्याच्या तोंडातली नळी आपण तोंडात घालायची? उष्टी?" मुकुंदरावांनी हातातली नळी चिमटीत धरून लांब केली.

उभ्या जन्मात त्यांनी बायकोच्या पेल्याला ओठ लावला नव्हता. स्वतःच्या घरातसुद्धा पाणी वरून प्यायचे. साठी उलटल्यावर दोघांनी मालवणात स्कुबा, म्हणजे पाठीला हवेची टाकी बांधून पाण्याखाली पोहणं, शिकायचं खूळ डोक्यात घेतलं आणि त्यात ही भानगड निघाली!

शिकवणाऱ्या तांडेलबाईंनी पुन्हा समजावलं. एका प्रकारात टाकीला दोन नळ्या असतात. जोडीदार अडला तर तोंडातली त्याला द्यायची आणि गळ्यातली राखीव आपण लावायची. नाहीतर मोठ्या टाकीसोबत आपल्यापुरती वेगळी छोटी टाकी घ्यायची.

"छोटी टाकीच द्या. कुणाचं उष्टं नको," मुकुंदराव म्हणाले. त्यांच्या बायकोने, शालिनीताईंनी, दोन नळ्यांची टाकी उचलली.

पोहण्याच्या तलावात सराव सुरू झाला. ठरल्याप्रमाणे तांडेलबाईंनी पाण्याखाली मुकुंदरावांची मोठी टाकी बंद केली. छोटी टाकी कुशीलाच बांधलेली होती, पण ती आठवते कुणाला! त्यांनी बायकोवर झडप घातली, तिच्या तोंडातली नळी ओढली आणि आपल्या तोंडात कोंबली. शालिनीताईंनी सावकाश गळ्यातली नळी लावली आणि नवऱ्याला दंडाला धरून वर आणलं.

वर हवाच हवा होती.

"अहो, सोडा आता. उष्टी आहे ती," त्या म्हणाल्या.

मुकुंदरावांनी नाही म्हणून मान हलवली आणि नळी दातांत आणखी घट्ट धरली.