चवीपुरतं मीठ

खांबेटेकाकूंचा हात मोडल्यापासून रोज सकाळी मी त्यांना वाटीभर उपीट पोचवत होतो. म्हातारीला माझाच आधार, हे सगळ्या सोसायटीला सांगूनही झालं होतं.

आज दार उघडंच होतं. माहेरी आलेली लेक विचारत होती, "आई, इतकं खारट उपीट रोज कशाला खातेस?"

"बायको गेल्यापासून तो कोणाशी बोलत नव्हता गं. आता वाटी घेऊन दोन जिने चढतो, तासभर बोलतो. खारट तर खारट."

मी खोकून आत गेलो आणि पहिल्यांदाच विचारलं, "काकू, मीठ बरोबर असतं ना?"

"अगदी बरोबर!"

शेजाऱ्याची वाटी रिकामी परत देऊ नये, म्हणून काकू तिच्यात रोज साखर घालून देत. आज मिठाचा छोटा चमचा निघाला.