पिठाच्या डब्यातला फोन

नवऱ्याला माग लागू नये म्हणून तिने आपला फोन घरीच पिठाच्या डब्यात खुपसला आणि लेकीला गाडीत बसवून निघाली. माहेर लांब होतं. गाडीची बॅटरी पुरावी म्हणून भर उन्हातही तिने एसी लावला नाही. "आई, उकडतंय गं," लेक सारखी कुरकुरत होती. चार्जिंगच्या थांब्यावर पोहोचेपर्यंत तिच्या जिवात जीव नव्हता.

तिने वायर जोडली. हिरवा दिवा लागला आणि लगेच विझला. पुन्हा जोडली, पुन्हा विझला.

"दादा, तुमचं मशीन बिघडलंय का हो?"

थांब्यावरच्या माणसाने शेजारची गाडी दाखवली. ती निवांत चार्ज होत होती. "मशीन ठणठणीत आहे, ताई. स्क्रीनवर 'गाडीकडून बंद' असं येतंय. तुमच्याच घरचं कुणीतरी मोबाइलवरच्या गाडीच्या अ‍ॅपमधून चार्जिंग बंद करतंय. साहेबांना विचारून बघा ना."

तिने दचकून मागचा रस्ता पाहिला.

तेवढ्यात गाडीतून लेक आनंदाने ओरडली, "आई, एसी आपोआप लागला! बाबांना कळलं वाटतं, आपल्याला उकडतंय ते."