अर्धा खड्डा

पिन काही केल्या हलेना. नवऱ्याने घण घातला, ठमीने पलीकडून पहार रेटून धरली, तेव्हा कुठे ती भसकन बाहेर आली. गोल असायची ती एका अंगाने पार चपटी झाली होती. ठमीने तिच्यावरचं ग्रीस दोन बोटांत चोळलं. बोटांना करकर लागली.

"वाळू," ती म्हणाली.

"मग मी इतके दिवस काय बोंबलतोय?" नवरा म्हणाला. "तुझ्या बापाची करामत."

मशीन म्हणजे एक लहान ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे खोदायचा लोखंडी हात. या हातालाही खांदा, कोपर, मनगट असे सांधे. प्रत्येक सांध्यात एक पिन, पिनेभोवती पितळी नळीसारखा बुश आणि दोघांच्या मध्ये ग्रीस. त्या ग्रीसमध्ये वाळू गेली की ती आतल्या आत कानशीचं काम करते. मग हात दारुड्यासारखा डुलतो आणि टोकाची बकेट मारायची एकीकडे, पडते दुसरीकडे.

मशीन अण्णांचं, म्हणजे ठमीच्या बापाचं. त्यांची अट साधी होती. मागच्या अंगणात टाकीचा खड्डा खणून दाखवा, मशीन तुमचं, न्या आणि जा. खड्डा तीनदा अर्ध्यावर थांबला होता. दर वेळी सांधा ढिला. कडेला टाकीच्या बांधकामाची वाळू ढीग घालून पडलेली, आणि तिच्यावर मांजर बसून मजा बघत असायची.

लग्न झालं तेव्हा नवराच या घरात राहायला आला, थोडे दिवस म्हणून. शेडच्या मागची खोली मिळाली. तिला बाहेरचं दार नाही. मुतायला जायचं तरी बापाच्या स्वयंपाकघरातून, बापाच्या नजरेखालून. ठमीला त्या खोलीत श्वास पुरत नव्हता. पाइप टाकणाऱ्या कंत्राटदाराने दुसऱ्या गावात काम देऊ केलं होतं, सोबत खोलीही. ठमीने त्याला पहिला प्रश्न विचारला, खोलीला स्वतःचं दार आहे का. आहे म्हणाला. पण सोमवारी मशीन आलं नाही तर काम दुसऱ्याला.

"चालवणार कोण?" त्याने विचारलं होतं.

"मीच की," नवरा म्हणाला आणि पुसलेला पाना पुन्हा पुसत बसला.

नवा बुश ठमीने अण्णांच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेवला. गारठला की बारीकसा आकसतो आणि भोकात सरळ बसतो.

"मटारांशेजारी लोखंड," अण्णा म्हणाले. "उद्या मला त्याचीच भाजी घालशील."

"पितळ आहे ते. आणि सोमवारी मी इथे नसेन."

"जा की. मी काय तुला दावणीला बांधलंय?" ते बाहेर बघत म्हणाले. "जावईबापूंनी परकराची नाडी बांधली का आजही?"

नवऱ्याच्या डाव्या बुटाची नाडी तुटली तेव्हा ठमीने आपल्या जुन्या परकराची लाल नाडी ओवून दिली होती. अण्णांना तेवढाच विषय पुरायचा. तिने फ्रिजचं दार आपटलं.

सकाळी ती बुश घेऊन शेडमध्ये गेली आणि दारातच थांबली. अण्णा उकिडवे बसले होते. ग्रीसच्या डब्यात कोपरापर्यंत हात. बाजूला कागदावर बाहेर काढलेला ग्रीसचा काळा गोळा, वाळूने खरखरीत.

"सापडलात," ती म्हणाली. "पोटच्या पोरीला कोंडून ठेवायला एवढा खटाटोप? मेलात तरी येणार नाही मी इथे. खांद्याला माणसं भाड्याने आणा."

अण्णांनी हात बाहेर काढला, त्याच्याकडे बघितलं.

"साबण दे जरा," ते म्हणाले.

तिने दिला नाही. ते तसेच, चपला फरफटवत, आत गेले.

नवऱ्याला सांगितलं तर तो भडकला नाही. "जाऊ दे गं. म्हातारं माणूस आहे," म्हणाला. सासऱ्याची बाजू त्याने पहिल्यांदाच घेतली. एरवी सांधा गेला की सासऱ्याला शिव्या घालत दोन ताटं जेवायचा. रागाने भूक लागते, असं त्याचं म्हणणं.

गारठलेला बुश दोन टोल्यांत बसला. नवी पिन गेली. बाजूला वॉशर भरून उरलीसुरली ढिलाई काढली. ठमीने बकेटला लोंबकळून हिसके दिले. हात तसूभर हलला नाही. तिला हसू फुटलं. आज खड्डा पुरा, उद्या रविवार, परवा स्वतःचं दार.

नवरा दुपारी अर्धं ताट टाकून उठला.

"मी जरा पडतो," म्हणाला. "मग ग्रीस भरू आणि खणायला घेऊ."

ठमीला पडायचं नव्हतं. म्हातारा शेवटचा डाव टाकणार, याची तिला खात्री होती. या वेळी ती त्याला मुठीसकट धरणार होती, घरादारासमोर. शेडमध्ये मशीनवर ताडपत्री होती. ती खालून सरपटत ट्रॅक्टरच्या पोटाखाली गेली आणि चाकाला गाल लावून पालथी पडली. ताडपत्री आणि जमीन यांच्यामध्ये वीतभर फट होती. तीतून ग्रीसच्या डब्याचं बूड दिसत होतं. बस्स.

ती अण्णांच्या चपलांच्या फरफटीची वाट बघत राहिली. फरफट आलीच नाही.

अंगणात वाळू सरकल्याचा आवाज झाला, मग दार हळूच लोटल्याचा. डब्याचं झाकण निघालं. वरून वाळूची बारीक धार पडू लागली. थोडी डब्याबाहेर सांडली, डब्याला लागून उभ्या असलेल्या बुटांवर. त्यातल्या डाव्या बुटाची नाडी लाल होती.