सालींचा गुण

चुलीवरच्या टोपाचं झाकण खडखडलं आणि इंदूची डुलकी मोडली. आंब्याच्या साली उतू चालल्या होत्या. तिने पदराने टोप खाली घेतला, तरी बोट भाजलंच. आग लागो त्या सालींना!

अख्खा वैशाख ती साली उकळत होती. आधी धुवायच्या, मग उन्हात वाळवायच्या, मग काळा तुरट काढा उरेपर्यंत आटवायच्या. हे खूळ तिच्या नवऱ्याने, मालोजीने घरात आणलेलं. तो खोपोलीला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. त्याच्या बापाला, आबाजीला, मधुमेह. रोज सुई टोचावी लागे, आणि लढाईपायी सुईचं औषध मुंबईतसुद्धा मिळेनासं झालं होतं. डॉक्टरांनी कुठेसं वाचलं, फळांच्या सालींनी साखर उतरत असावी. म्हणाले, करून पाहू. पाहायचं त्यांनी, करायचं इंदूने.

"रस तुमी खायाचा आन् साली मला? मी काय म्हस हाय?" आबाजी पहिले काही दिवस पडवीतून ओरडायचा. मग मालोजी म्हणाला, "बाबा, तपासणी आठवडाभर चांगली आली, की सुई बंद." त्या दिवसापासून म्हातारा एकदम शहाणा झाला. काढ्याचा पेला घेऊन निमूट गोठ्यामागे जायचा आणि रिकामा पेला आणून ठेवायचा.

तपासणीचं लोढणंही इंदूच्याच गळ्यात. पण सासऱ्याने आपल्या लघवीची बाटली सुनेच्या हातात कशी द्यायची? ते काम पाच वर्षांच्या चिमाचं. नातीची लाज कसली? ती परसातून बाटली आणून आईपुढे ठेवायची. इंदू काचेच्या नळीत डॉक्टरांनी दिलेलं निळं पाणी घ्यायची, त्यात बाटलीतले थेंब सोडायची आणि नळी विस्तवावर धरायची. साखर असली की निळ्याचं पिवळं होई, तांबडं होई. पहिल्यांदा तर विटेसारखं लाल झालं होतं. आता मात्र रोज निळं ते निळंच.

मालोजी हरखून गेला होता. इंदूचं डोकं फिरायची पाळी आली होती. नळी म्हणे म्हातारा बरा, आणि म्हाताऱ्याच्या पायाचा अंगठा चिघळतच चाललेला. रात्रभर 'पाणी, पाणी' तेही तसंच. खरं कुणाचं मानायचं, नळीचं की अंगठ्याचं?

आणि आता चिमानेही पाण्याचा धोशा लावला होता. मघाशी परकर ओला करून अंगणातून आली, तेव्हापासून तांब्यावर तांब्या चालले होते.

"बस कर गं! पोटात बेडूक होतील," इंदू खेकसली. पोरीने डोळे मिटून आणखी एक घोट रेटला आणि परसाकडे पळाली.

भिंतीला सायकल टेकल्याचा आवाज आला. मालोजी उंबऱ्यातूनच म्हणाला, "आटप गं लवकर. आजची नळी निळी आली, की बाबांची सुई बंद. त्यांच्या वाटची शेवटची शिशी डॉक्टर दुसऱ्या रोग्याला देतायत. मी मागल्या पावली निरोप घेऊन जातो. उद्यापासून दवाखान्यात सगळ्यांनाच साली."

"मग त्या सगळ्यांच्या साली पण मीच उकळू का? सांगा की डॉक्टरला, बायकोला दहा हात हायेत म्हनून!"

मालोजी हसला. "चिडतेस काय? गुण आलाय तुझ्या हाताला."

इंदूला त्याही रागात बरं वाटलं. तिने नळीत निळं पाणी ओतलं, विस्तव पुढे ओढला आणि हाक मारली, "चिमे, बाटली आण गं!"

परसात आबाजी खाकरला.

खूप वेळाने चिमा आली. डोळे डबडबलेले. तिने दोन्ही हातांनी बाटली आईपुढे धरली. बाटली कोरडी होती.

"हे काय? आबांनी दिली नाय?"

"आबा कुठं देतात? रोज मीच तर भरते." चिमाने हुंदका दिला. "मघाशी खेळता खेळता झाली गं. एवढं पानी प्याले, तरी आता येतच नाय. आये, मग आता आबा बरे नाय होनार?"