खिडकीपर्यंत लिंपलेली भिंत

बायको अकेयो वारली त्या दिवशी केनियातल्या किसुमूच्या दवाखान्यात कर्करोगाच्या नोंदी घेणाऱ्या माणसाला मी सांगितलं, तिच्या छातीतली गाठ ईस्टरला दिसली. महिन्याभराने त्या नोंदींची तपासनीस रिस्पर घरी आली. “पुन्हा? पहिल्या कागदावर चहा सांडला का, पोरी?” “दहातल्या एका घरी आम्ही पुन्हा विचारतो, बाबा. माणसं आधी लाज राखतात, मग खरं सांगतात.” तिची नजर खिडकीपर्यंतच लिंपलेल्या भिंतीवर गेली. “वर का नाही?” “अकेयोचा हात वर जात नव्हता.” “कधी?” “नाताळात.” “म्हणजे ईस्टरच्या आधी.” मग मी सगळं सांगितलं. अकेयोने गाठ मला तेव्हाच दाखवली होती. मीच म्हणालो, पेरणी होऊ दे, मग जाऊ. रिस्परने ईस्टर खोडून नाताळ लिहिलं. “बायका दवाखान्यात किती उशिरा पोहोचतात ते आता कळेल.” “पुन्हा विचारलंस, उपकार झाले, पोरी.” वरची भिंत अजून लिंपायची आहे.